गो-टू दुर्बीण : तारे अचूक, गुरू अचूक, चंद्र मात्र हुकतो. असं का?

दुपारचा चंद्र

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं ते अखेर केलं. वापरलेली एक संगणकीय, म्हणजे गो-टू दुर्बीण घेतली. तारा मागितला की ती स्वतःच तिकडे वळते. १५० मिमी व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन (आत आरसे, पुढे काच), एफ/१०, म्हणजे नाभीय अंतर १५०० मिमी. एका हाताचा ऑल्ट-अझ माउंट, म्हणजे नळी वर-खाली आणि आडवी फिरवणारी बैठक, वायरचा हँडसेट आणि डोळा लावायचा २५ मिमीचा आयपीस. आधीच्या मालकाने ती नीट जपलेली आहे, भिंगावर ओरखडासुद्धा नाही.

मी काय करतो ते सांगतो. तिवई उभी करून बुडबुडा मध्यात आणतो. हँडसेट सुरू केला की तारीख आणि वेळ विचारतो, ती देतो. ठिकाण एकदाच भरलं होतं, ते त्याच्या लक्षात राहतं. मग दोन ताऱ्यांची अलाइनमेंट, म्हणजे यंत्राची आकाशाशी जुळवणी. पहिला ब्रह्महृदय, तो मी स्वतः मध्यभागी आणतो. दुसरा मघा, तिकडे दुर्बीण आपण होऊन जाते. पण जाते ती भलतीकडेच, हात लांब करून धरला तर मूठभर तरी बाजूला. मग बटणं दाबून दाबून मघा मध्यात आणायची, एंटर दाबायचं. अलाइनमेंट यशस्वी झाल्याचा संदेश येतो.

यापुढे सगळं छान. रोहिणी मागितली, आली. प्रश्वा आला. गुरू आला. चंद्र मागितला की मात्र आयपीसच्या काठाला फक्त त्याची एक फाक दिसते, बाकीचा बाहेर. आणि हे रोजचंच आहे. इतका मोठा, इतका उजळ चंद्र हिला सापडत नाही आणि बारकासा प्रश्वा सापडतो, हे काय गौडबंगाल?

दुसरा प्रश्न जरा वादाचा आहे. माझा एक मित्र म्हणतो, संगणकाच्या नादी लागलास म्हणजे आकाश कधीच शिकणार नाहीस. तुमचं काय मत?

---

बॅटरीसम्राट

सेल बदला.

---

ढगांचा शत्रू

तुम्हाला चंद्राची फाक तरी दिसते. माझ्या हँडसेटमध्ये ४० हजार खगोलीय वस्तूंची यादी आहे आणि त्या सगळ्या एकाच ढगामागे राहतात.

---

पेचकस

धागाकर्ते, तीन गोष्टी तपासा.

पहिली, फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन. त्यातला लाल ठिपका (रेड डॉट) आणि नळी एकाच दिशेला बघतात का ते दिवसाउजेडी पाहून घ्या. निदान अर्धा किलोमीटर लांबचा टॉवर किंवा झाडाचा शेंडा आयपीसमध्ये मध्यावर आणा, मग लाल ठिपका त्यावर बसवा. हे करताना दुर्बीण सूर्याच्या आसपासही जाऊ देऊ नका. फिल्टरशिवाय सूर्य एकदा आयपीसमध्ये आला की डोळा गेला, त्याला दुसरी संधी नसते. काही हँडसेटमध्ये सूर्य यादीतून मुद्दाम लपवलेला असतो, तो असाच.

दुसरी, गिअरमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश. बटण सोडून उलट दिशेचं बटण दाबलं की मोटर फिरते, पण नळी क्षणभर जागची हलत नाही. त्यामुळे अलाइनमेंटचा तारा मध्यभागी आणताना शेवटचा सरकाव नेहमी ठरावीक दोनच बटणांनी करायचा. माझ्या हँडसेटच्या पुस्तिकेत 'वर' आणि 'उजवी' सांगितली आहेत. तारा पुढे निघून गेला तर मागे ओढून तिथेच थांबायचं नाही. मुद्दाम जास्त मागे घ्यायचा आणि पुन्हा त्याच बाजूने आणायचा.

तिसरी, मध्यभाग डोळ्याने ठरवता ना? फोकस बिघडवा. तारा फुगून मोठी चकती होतो. ती चकती वर्तुळाच्या बरोबर मध्ये आहे की नाही हे लगेच कळतं. ठिपक्याचं तसं कळत नाही.

आणि तिवईची पातळी. मूठभर चूक म्हणजे मला तरी पातळीचाच संशय येतो.

---

गणिताचा तास

पेचकस, फाइंडर, बॅकलॅश आणि फोकसची युक्ती, सगळ्याला +१. पातळीचं मात्र पटत नाही. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. तिवई १० अंश कलली असती तर बुडबुड्याची गरजच नव्हती, लांबून येणाऱ्या माणसालाही दिसलं असतं.

शिवाय दोन ताऱ्यांची अलाइनमेंट झाल्यावर पातळीला फारसा अर्थ उरत नाही. दोन ज्ञात तारे नळीच्या कोणत्या कोनांवर सापडले हे कळलं की संगणक माउंटचा कल, उत्तर दिशा, सगळं त्यातूनच काढतो. म्हणून दुसरा तारा इतका लांब राहूनही त्यानंतर रोहिणी अचूक आली. पातळी उपयोगी पडते ती पहिल्या ताऱ्यानंतर. तेव्हा एकच तारा हाती असतो, म्हणून यंत्र बाकीचं गृहीत धरून दुसरा शोधायला निघतं.

धागाकर्त्यांच्या प्रश्नात दोन सुगावे आहेत. एक, पहिल्या ताऱ्यानंतरचा अंदाज १० अंशांनी हुकतो. दोन, अलाइनमेंटनंतर तारे आणि गुरू बरोबर, चंद्र चूक. दुसऱ्यावर माझा अंदाज पराशयाचा, म्हणजे पॅरॅलॅक्सचा आहे. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किमीवर, म्हणजे खगोलाच्या हिशेबात शेजारीच. पृथ्वीच्या केंद्रातून तो जिथे दिसेल त्यापेक्षा पृष्ठभागावरून तो खाली दिसतो. क्षितिजाजवळ हा फरक जवळजवळ १ अंश असतो, खमध्यात, म्हणजे थेट डोक्यावर, शून्य. हँडसेटचं सॉफ्टवेअर ही दुरुस्ती करत नसेल किंवा त्याला दिलेलं ठिकाण चुकलेलं असेल, तर चंद्र हुकणारच. अक्षांश-रेखांश पुन्हा बघा. पूर्व-पश्चिम उलट पडलंय का?

---

वक्री शनी

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण पहिल्यात आमच्यासारख्यांना गती नाही.

तुमचा मित्र बरोबर आहे. जॉन डॉब्सन यांनी प्लायवूडच्या साध्या माउंटवर मोठाल्या दुर्बिणी बसवल्या आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवलं. ना सेल, ना हँडसेट. माझीही तसलीच. मृगाच्या पट्ट्यावरून खाली आलं की तलवार, तलवारीत एम ४२ हा तेजोमेघ. शर्मिष्ठेच्या टोकदार बाजूने खाली उतरलं की देवयानी दीर्घिका. हा रस्ता एकदा पायाखालचा झाला की कुठल्याही आकाशाखाली उभं राहा, परकं वाटत नाही. गो-टूवाला माणूस बटण दाबतो, डोकावतो, 'हं' म्हणतो आणि पुढचं बटण दाबतो. सेल संपले की तो आंधळा.

---

नळीची राणी

वक्री शनी, तुमचं म्हणणं ऐकायला गोड आहे हो. पण आकाश शिकायला आकाश दिसावं तरी लागतं. माझ्या आकाशात दिव्यांचा इतका उजेड आहे की सप्तर्षींतले सातही मोजून घ्यावे लागतात. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं तर मधले तारे दिसायला हवेत ना? माझ्याकडे दिसतात मोजके उजळ, आणि अलाइनमेंटला तेवढेच पुरतात. शौरीतला एम १३ तारकागुच्छ फाइंडरमध्ये जन्मात सापडला नसता. गो-टूने नेऊन ठेवला.

आणि मानेचा त्रास असलेल्या माणसाला नळीला गाल चिकटवून वर बघायला सांगा एकदा. मग बोलू.

---

वक्री शनी

मानेचा मुद्दा मान्य. (शब्दखेळ नकळत झाला.)

---

कृष्णपक्ष

आमच्या गटात आम्ही लोकांना आकाश दाखवायचे कार्यक्रम करतो. तिथे गो-टूपेक्षा ट्रॅकिंग, म्हणजे मोटरने वस्तूच्या मागे सरकत राहणं, महत्त्वाचं असतं, हे या वादात कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे मिनिटाला पाव अंश. १५०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर ६० पट वर्धन. आयपीसचं दिसणारं क्षेत्र ५० अंशांचं धरलं तर खरं आकाश दिसतं सुमारे ०.८३ अंश. मध्यभागी ठेवलेला शनी पावणेदोन मिनिटांत बाहेर. २०० पटीला गेलात तर अर्ध्या मिनिटात. रांगेतली पहिली आजी चष्मा काढून, कुठे बघायचं ते विचारून, डोळा लावेपर्यंत शनी गेलेला असतो. मग ती शिष्टाचार म्हणून 'हो, दिसला' म्हणते. मोटर असली की रांगेतला शेवटचा मुलगाही तोच शनी बघतो, आणि 'कडी खरी आहे का स्टिकर लावलंय' असं विचारतो.

---

ढगांचा शत्रू

स्टिकरची शंका रास्त आहे. मला अजूनही आहे.

---

पेचकस

कृष्णपक्ष, कार्यक्रमात कोणी ना कोणी आयपीस धरून ओढतोच. तेव्हा काय करता? आमच्याकडे एकदा तिवईच्या पायाला ठेच लागली आणि अख्खी अलाइनमेंट गेली.

---

कृष्णपक्ष

नळी नुसती क्लचवर हलली असेल तर बऱ्याच हँडसेटमध्ये अलाइनमेंटचा एखादा तारा बदलायची सोय असते. जवळचा उजळ तारा घ्यायचा, मध्यभागी आणायचा आणि जुन्याच्या जागी टाकायचा. मिनिटभराचं काम. तिवईच हलली असेल तर सरळ पहिल्यापासून. आम्ही आता पायांना पांढऱ्या रिबिनी बांधतो आणि शेजारी एक माणूस उभा करतो, त्याला दुसरं काम नाही.

---

बॅटरीसम्राट

आधी एका ओळीत लिहिलं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आता सविस्तर.

या माउंटमध्ये ८ एए सेल बसतात. अल्कलाइन असले तर ८ गुणिले दीड, १२ व्होल्ट. रिचार्जेबल टाकले तर ८ गुणिले १.२, म्हणजे ९.६. सुरुवातच खालून. दुर्बीण पूर्ण वेगात वळायला लागली की मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, व्होल्टेज दबतं आणि हँडसेटचं डोकं फिरतं. कधी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कधी नळी गोल गोल फिरत सुटते, कधी लक्ष्याच्या अलीकडेच थांबते. माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. १२ व्होल्टचा पावर टँक, म्हणजे मोठी रिचार्जेबल बॅटरी, घ्या. वायरचा प्लग सैल असेल तर तोही घट्ट बसवा, कारण फिरताना वायर ताणली जाऊन क्षणभर सुटते. हँडसेटमध्ये वायर गुंडाळली जाऊ नये म्हणून 'कॉर्ड रॅप' नावाचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

---

गणिताचा तास

बॅटरीसम्राट, माहिती उत्तम. पण सेल उतरल्याने फक्त चंद्रच हुकतो आणि गुरू हुकत नाही, हे कसं?

---

बॅटरीसम्राट

ते मला नाही माहीत. सेल बदलून कोणाचं नुकसान झालेलं मात्र मी पाहिलेलं नाही.

---

दुपारचा चंद्र

सगळ्यांचे आभार. पावर टँक आहेच. फाइंडर दिवसा जुळवून घेतला. ठिकाण पुन्हा तपासलं, अक्षांश-रेखांश दोन्ही बरोबर, पूर्वेला पूर्वच आहे. बॅकलॅशची युक्ती वापरल्यावर तारे आधीपेक्षा नेमके येतात. मघाकडे जाताना मूठभर चूक तशीच, आणि चंद्र तसाच काठावर.

---

शुक्रतारका

मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. मघाच आहे ना तो तारा? मला दोन उजळ तारे जवळ असले की गोंधळ होतो. पुनर्वसूचे दोन तर नेहमीच.

---

पेचकस

पुनर्वसूसाठी एक खूण सांगतो. कॅस्टर आणि पोलक्स एकमेकांपासून साडेचार अंशांवर आहेत. फाइंडरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पोलक्स किंचित उजळ आणि पिवळसर. शंका आली तर १०० पटीच्या आसपास वर्धन लावा. कॅस्टरचे दोन ठिपके होतात, अगदी चिकटून बसलेले, मध्ये काळी रेघ. पोलक्स एकटाच राहतो. यंत्राने पोलक्स मागितला आणि तुम्ही कॅस्टर दिला तर सगळं आकाश साडेचार अंश वाकडं.

आणखी एक सापळा म्हणजे ज्येष्ठा आणि मंगळ. मंगळ वृश्चिकेत आला की दोघे शेजारी, दोघे लाल. ग्रह लुकलुकत नाही म्हणतात, पण क्षितिजाजवळ असला की तोही लुकलुकतो.

---

वक्री शनी

बघा, शेवटी ओळखावे लागलेच ना तारे? मघा कोणती हे ज्याला माहीत नाही त्याने यंत्र १० अंश हुकल्यावर समोर दिसेल तो तारा मध्यभागी आणला असता आणि एंटर दाबला असता. धागाकर्त्यांना मघा माहीत होती म्हणून पुढचे तारे बरोबर आले.

---

नळीची राणी

हे मात्र शंभर टक्के. यंत्राला आकाशातलं काही दिसत नाही, आपण सांगू ते तारे आणि आपण देऊ ती वेळ एवढंच त्याच्याकडे असतं. नावं माहीत नसलेल्यांसाठी 'कोणतेही तीन उजळ तारे दाखवा' अशी पद्धत असते खरी. तारखेवरून आणि तिन्ही ताऱ्यांमधल्या अंतरांवरून यंत्र स्वतःच ओळखतं. पण त्यालाही तीन लांब लांबचे तारे हवेत, आणि उजळ कृत्रिम उपग्रह तारा समजून दिला तर ते बिचारं काय करणार?

---

उलटा ध्रुव

तुम्ही सगळे अजून तारे मध्यभागी आणत बसलाय? आता कॅमेरा आकाशाचा फोटो घेतो, त्यातल्या ताऱ्यांच्या रचना साठवलेल्या नकाशाशी ताडून बघतो आणि नळी नेमकी कुठे रोखली आहे ते काही सेकंदांत सांगतो. प्लेट सॉल्व्हिंग. २०२० पासून तर दुर्बिणीवर फोन अडकवून हे करता येतं. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस५० या दुर्बिणीला तर आयपीसच नाही. ५० मिमीचं भिंग, खाली ठेवायची, फोनवर वस्तू निवडायची. ती स्वतः शोधते, स्वतः फोकस करते, फोटोंवर फोटो रचत जाते. मी घरात बसून तेजोमेघ रंगीत बघतो.

---

वक्री शनी

घरात बसून रंगीत तेजोमेघ बघायला दुर्बीणच कशाला लागते?

---

उलटा ध्रुव

हा फोटो मी घेतलेला असतो, हा फरक. आणि नळीची राणी म्हणतात तसल्या उजळलेल्या आकाशातूनही ती धूसर दीर्घिका काढून दाखवते. १५० मिमीच्या दुर्बिणीला डोळा लावला तर तिथे काहीही दिसत नाही.

---

कृष्णपक्ष

दोघांनाही मान्य होईल असं सांगतो. आयपीसमधून आलेला प्रकाश थेट तुमच्या डोळ्यात शिरतो, स्क्रीनवर तो हिशेब होऊन येतो. कोणाला काय हवं ते त्याने घ्यावं. पण नवीन माणसाने एक लक्षात ठेवावं. गो-टूने एम ३३ मागितला आणि काही दिसलं नाही म्हणजे यंत्र चुकलं असं नाही. त्या दीर्घिकेचा उजेड मोठ्या क्षेत्रावर पसरलेला आहे, आकाश काळं नसेल तर ती समोर असूनही दिसत नाही. देवयानी दीर्घिका तर ३ अंशांहून लांब, तुमच्या ०.८३ अंशात फक्त तिचा गाभा मावणार. यंत्राची परीक्षा घ्यायची तर आधी उजळ तारा मागा. मग एम १३. त्याच्याकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा, कडेच्या नजरेला मंद उजेड जास्त जाणवतो. राखाडी कापसात टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसायला लागले की समजा जमलं. त्याआधी २० ते ३० मिनिटं अंधारात बसा आणि फोन खिशात ठेवा. हँडसेटचे दिवे लाल असतात ते उगाच नाही.

---

संध्याछाया

थोडं अवांतर. गो-टू हा नवा प्रकार आहे असं कोणाला वाटू नये म्हणून सांगते. संगणकीय दुर्बीण हौशी लोकांच्या हातात १९८७ पासून आहे, सेलेस्ट्रॉनची कॉम्प्युस्टार. १९९२ साली मीडची एलएक्स२०० आली आणि प्रकार खऱ्या अर्थाने पसरला. यंत्र आकाश शिकू देत नाही, हा वाद तेव्हापासून तसाच चाललाय. वाद घालणारे फक्त बदलतात.

तारखेवरून आठवलं. जीपीएस असलेली जुनी दुर्बीण कोणी घेतली तर आधी तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा १०२३ पर्यंतच मोजला जातो, मग पुन्हा शून्य. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तो असा शून्यावर आला. ज्या यंत्रांना हे माहीत नाही ती साडेएकोणीस वर्षं मागची तारीख धरून बसतात. वेळ मिनिटाला मिनिट बरोबर, वर्ष मात्र भलतंच. ग्रह अर्थातच कुठच्या कुठे.

---

गणिताचा तास

संध्याछाया! तारीख आणि वेळ! मी पराशयात अडकून पडलो होतो.

धागाकर्ते, एक प्रयोग करा. मांडणी सांगतो.

समजा हँडसेटला एका तासाने चुकीची वेळ मिळते आहे. १ तास म्हणजे आकाश १५ अंशांनी फिरलेलं. पहिल्या ताऱ्यानंतर यंत्र वेळेच्या भरवशावर दुसरा शोधतं, म्हणून तिथे १० अंशांच्या घरातली चूक. दोन्ही तारे दिल्यावर ती चूक संपूर्ण आकाश एकाच वेळी फिरल्यासारखी असते, ती अलाइनमेंटमध्ये जिरून जाते. तारे बरोबर. गुरू ताऱ्यांच्या तुलनेत तासाभरात हलतच नाही म्हणा, तोही बरोबर. पण चंद्र ताऱ्यांमधून तासाला जवळजवळ अर्धा अंश पूर्वेला सरकतो, म्हणजे स्वतःच्याच व्यासाएवढा. यंत्र त्याला तासापूर्वीच्या जागी शोधेल आणि तो निघेल तिथून अर्धा अंश पूर्वेला. तुमचं क्षेत्र मध्यापासून ०.४२ अंशाचं. चंद्राची कड आत, बाकीचा बाहेर. बरोबर एक फाक!

आता ठरवायचं कसं? पराशय असेल तर चंद्र नेहमी खालच्या बाजूला हुकेल आणि वर चढेल तशी चूक कमी होईल. वेळ चुकली असेल तर तो कितीही वर असो, पूर्वेलाच हुकेल आणि तितकाच. आयपीसच्या आधीच्या तिरक्या आरशामुळे (डायगोनल) डावं-उजवं उलट दिसतं, तेव्हा डोळ्यावर विसंबू नका. चंद्र आकाशात सगळ्यात वर असेल त्या सुमारास मागा, फाक दिसली की ट्रॅकिंग बंद करा. आता सगळं पश्चिमेकडे वाहायला लागेल. चंद्र पूर्वेला असेल तर तो आपोआप आत येईल आणि दोनेक मिनिटांत मध्याच्या जवळून जाईल. पराशय असेल तर मध्याकडे न येता कडेकडेनेच निघून जाईल.

---

ढगांचा शत्रू

मी आता पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आकाश स्वच्छ राहो, ही माझ्याकडून दुर्मिळ शुभेच्छा.

---

शुक्रतारका

पण वेळ तर ते रोज घड्याळात बघून घालतात ना?

---

संध्याछाया

वेळ घालतात, पण हँडसेट वेळेबरोबर आणखी दोन गोष्टी धरतो. टाइम झोन आणि डेलाइट सेव्हिंग. या दोन शेवटी वापरलेल्याच राहतात, मुद्दाम बदलल्याशिवाय बदलत नाहीत. धागाकर्ते, दुर्बीण वापरलेली आहे म्हणालात. आधीचे मालक उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशात राहत होते का?

---

दुपारचा चंद्र

गणिताचा तास आणि संध्याछाया, साष्टांग दंडवत!

प्रयोग केला. चंद्र चांगला वर होता. फाक दिसली, ट्रॅकिंग बंद केलं. फाक जाड होत गेली, मग अर्धा, मग अख्खा चंद्र आत आला आणि मध्याच्या अगदी थोडा बाजूने पार झाला. खालीबिली काही नव्हता. मग मेनूमध्ये शिरलो. टाइम झोन बरोबर. त्याच्या खाली डेलाइट सेव्हिंग, 'चालू'. आधीचे मालक परदेशातून परतले होते, त्यांच्याकडून तसंच राहिलं असणार.

ते बंद करून पहिल्यापासून अलाइनमेंट केली. ब्रह्महृदय दिला. मघाकडे गेली तेव्हा लाल ठिपका मघाच्या जेमतेम बोटभर बाजूला. चंद्र मागितला, मध्यभागी आला. टायको विवर आणि त्यातून निघालेल्या पांढऱ्या रेषा बघत बसलो.

---

बॅटरीसम्राट

अभिनंदन. राहिलेलं बोटभर अंतर म्हणजे सेल.

---

पेचकस

ते बोटभर पातळीचं आणि ब्रह्महृदय मध्यभागी आणण्यातलं. तेवढं चालतंच, दुसऱ्या ताऱ्यानंतर जातं.

गणिताचे सर, कमाल केलीत. हँडसेटच्या पुस्तिकेत हे असं लिहिलेलं कुठे सापडत नाही.

---

वक्री शनी

माझं मत बदललेलं नाही, पण या धाग्याची वाचनखूण साठवली. ट्रॅकिंग बंद करून पूर्व-पश्चिम ओळखायची युक्ती आमच्या बिनमोटरच्या दुर्बिणीला तर फुकटच मिळते. आमची कायम बंदच असते.

---

नळीची राणी

दुपारचा चंद्र, आता रोज तिवई न हलवता ठेवणार असाल तर 'हायबरनेट' वापरून बघा. बंद करताना त्यातून बंद करायची, पुढच्या वेळी फक्त तारीख-वेळ द्यायची, अलाइनमेंट तीच राहते. पण झाकताना नळी हाताने हलवायची नाही, एवढी अट. आणि पुढच्या काचेवर दव धरतं, श्मिट-कॅसेग्रेनची ती जुनी खोड आहे. पुढे लांब कॉलरसारखं ड्यू शील्ड लावा. दव बसलंच तर काच पुसायची नाही, कोमट हवेने वाळू द्यायची.

---

दुपारचा चंद्र

धन्यवाद, शील्ड करून घेतो. जाता जाता एक : याच माउंटवर कॅमेरा लावून एम ४२ चे पाच-पाच मिनिटांचे फोटो घेता येतील का?

---

उलटा ध्रुव

नाही येणार. ऑल्ट-अझ माउंट वस्तू मध्यभागी धरून ठेवतो, पण चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरतं, कडेचे तारे कंसासारखे ओढले जातात. छोटे छोटे एक्सपोजर घेऊन ते एकावर एक रचावे लागतात, नाहीतर पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारा विषुववृत्तीय माउंट किंवा आहे तो माउंट तसा तिरका करणारी वेज. पण यासाठी कृपया वेगळा धागा काढा, इथे वक्री शनी टपून बसलेत.

---

वक्री शनी

धागा काढा, येतोच.